आउटबॅकची वाट आणि आबांचे प्रश्न

(द्वितीय वर्ष, कला)

ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेटचे मैदान येते, कांगारू येतो आणि फार तर सिडनीचे ते शिडाच्या आकाराचे नाट्यगृह येते. माझेही तसेच होते. गेल्या वर्षी आमच्या ग्रंथालयात मला भूगोलाचे एक सचित्र पुस्तक मिळाले. त्यात एका पानभर लाल मातीचे मैदान होते. मधून एक सरळ कच्चा रस्ता क्षितिजापर्यंत गेला होता, कडेला एक जीप आणि तिच्या शेजारी कापडी बिछाना टाकून बसलेली दोन माणसे. खाली लिहिले होते, 'आउटबॅकमधील मुक्काम.' ते चित्र मला इतके आवडले की पुस्तक मी घरी नेले आणि आबांना दाखवले.

आबा म्हणजे माझे वडील. गेली सव्वीस वर्षे ते ट्रक चालवतात. शाळा चौथीपर्यंत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे पुस्तकातले काही घरी सांगताना माझ्या आवाजात थोडा मोठेपणा येतो, हे मी कबूल करतो. मी त्यांना सांगितले, की तिकडचे लोक हौसेने गाडी घेऊन निघतात, आठ-आठ पंधरा-पंधरा दिवस ओसाड मुलखातून फिरतात आणि उघड्यावर झोपतात. आबांनी चष्मा लावून चित्र नीट पाहिले. मला वाटले, आता म्हणतील, काय देश आहे! पण ते म्हणाले, "पानी कुठं मिळतं ह्यांना?"

मला सांगता आले नाही. मग त्यांनी एकामागून एक विचारले. डिझेल किती किलोमीटरवर? गाडी बंद पडली तर कोण येतं? रात्री गाडी कुठं लावायची? आणि शेवटी, "ही जिमीन कुनाची हाय?" एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा माझा प्रयत्न आहे. मी ऑस्ट्रेलियाला गेलेलो नाही. माझा प्रवास ग्रंथालयाच्या टेबलावर, नकाशे आणि पुस्तके पसरून झालेला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आउटबॅक म्हणजे काय?

आउटबॅक हे कुठल्या प्रांताचे किंवा जिल्ह्याचे नाव नाही आणि नकाशावर त्याची सीमारेषाही आखलेली नसते. किनाऱ्यावरची शहरे आणि शेतीचा हिरवा पट्टा मागे टाकून आत गेले की जो विरळ, कोरडा, अफाट मुलूख लागतो त्याला तिकडे हा शब्द वापरतात. ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक; आणि लोकसंख्या मात्र तीन कोटींच्याही आत. त्यातली बहुतेक माणसे समुद्राच्या काठाने राहतात. आत काही ठिकाणी गुरांचे एकेक कुरण आपल्या एखाद्या जिल्ह्याहून मोठे असते.

हा मुलूख इतका कोरडा का? त्याचे मुख्य कारण म्हणजे हवेच्या जास्त दाबाचा पट्टा. या अक्षांशांवर वरची कोरडी हवा खाली उतरत राहते, त्यामुळे ढग सहजी बनत नाहीत. दुसरे कारण आपल्या ओळखीचे आहे. पूर्व किनाऱ्यालगत उत्तर-दक्षिण अशी डोंगररांग आहे. समुद्रावरून येणारे बाष्प तिच्या अलीकडेच बरेचसे रिते होते आणि पलीकडचा भाग पर्जन्यछायेत राहतो. सह्याद्रीच्या पूर्वेला जे आमच्या तालुक्याचे झाले तेच. अर्थात प्रमाणात पुष्कळ फरक आहे. आयर सरोवराच्या आसपास वर्षाचा पाऊस दीडशे मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. आमच्या दुष्काळी म्हणवल्या जाणाऱ्या तालुक्यातसुद्धा याहून कितीतरी अधिक पडतो. आणि ती माती लाल का, याचे उत्तर घरातल्या जुन्या पत्र्यापाशी आहे. खडकांतले लोह हवापाण्याने हजारो-लाखो वर्षे गंजत गेले. त्या गंजाचा रंग मातीला आला.

पहिला प्रश्न : पाणी

या मुलखातला मुख्य पक्का रस्ता म्हणजे स्टुअर्ट महामार्ग. उत्तरेच्या डार्विनपासून दक्षिणेच्या पोर्ट ऑगस्टापर्यंत तो सुमारे २७०० किलोमीटर जातो. हा आकडा ऐकून आबा म्हणाले, "म्हंजे पुन्यास्नं दिल्लीची एक खेप, जाऊन-येऊन." हिशेब जवळपास बरोबर आहे, फक्त त्या खेपेत वाटेत किती शहरे आणि किती ढाबे लागतात ते आठवावे, म्हणजे फरक कळतो. जॉन मॅकडुअल स्टुअर्ट या संशोधकाने १८६१-६२ मध्ये दक्षिणेकडून उत्तरेकडे खंड ओलांडला. त्याच्या वाटेच्या आधाराने १८७२ मध्ये तारेची लाइन पूर्ण झाली आणि पुढे साधारण त्याच दिशेने रस्ता झाला. तो संपूर्ण डांबरी व्हायला मात्र १९८७ साल उजाडले.

पण खरा आउटबॅक पाहायचा तर लोक डांबर सोडून कच्च्या वाटांना लागतात. त्यांपैकी ऊडनादत्ता ही सुमारे ६०० किलोमीटरची वाट मला सर्वांत शिकवून गेली. नकाशावर ती पाहिली तेव्हा मी विचार केला, की एवढ्या मोकळ्या सपाट मुलखात रस्ता सरळ का नाही? तो असा वळत का जातो? उत्तर आबांच्या पहिल्याच प्रश्नात होते. ती वाट पाण्याच्या मागे गेलेली आहे.

त्या वाळवंटाच्या पोटात पाणी आहे. ग्रेट आर्टेशियन बेसिन या नावाचा भूजलाचा साठा खंडाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भागाखाली, सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, पसरला आहे. पूर्वेकडच्या उंच प्रदेशात पडलेला पाऊस तिथल्या सच्छिद्र खडकात मुरतो आणि दोन अभेद्य थरांच्या मधून अगदी संथपणे पश्चिमेकडे सरकतो. या प्रवासाला लाखो वर्षे लागतात. वरच्या थराला जिथे फट सापडते तिथे दाबामुळे पाणी आपोआप वर येते. त्यातल्या क्षारांचे थर साचून लहान टेकाडे बनतात आणि टेकाडाच्या माथ्यावर झरा असतो. असे झरे ओळीने आहेत. तिथल्या मूळ रहिवाशांच्या व्यापाराच्या वाटा या झऱ्यांवरून जात. स्टुअर्ट त्याच झऱ्यांच्या आधाराने पुढे सरकला, तारेची लाइन त्यांच्याच कडेने गेली, नंतर रेल्वे गेली, आणि आज हौशी प्रवाशांच्या जीपा जातात. एका वाटेवर चार युगे चालून गेली, ती केवळ पाण्यामुळे.

आजचा प्रवासी मात्र झऱ्यांवर विसंबत नाही. तो पाणी गाडीतच नेतो. माणशी रोज निदान पाच लिटर आणि सावध लोक दहा लिटर धरतात, शिवाय अडकून पडल्यास पुरावे म्हणून काही दिवसांचे जादा. सगळे पाणी एकाच टाकीत ठेवत नाहीत, कारण टाकी फुटली की सगळेच गेले. हे सांगितल्यावर आबा नुसते हसले. त्यांच्या केबिनमध्ये दोन कॅन असतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. दोन का, हे कधी विचारले नव्हते.

दुसरा प्रश्न : गाडी आणि डिझेल

या वाटांवर 'रोडहाउस' नावाची ठिकाणे असतात. तिथे डिझेल, जेवण, झोपायची सोय आणि थोडीफार दुरुस्ती असे सगळे एका छपराखाली मिळते. दोन रोडहाउसमधले अंतर दोनशे किलोमीटर किंवा त्याहूनही पुष्कळ जास्त असू शकते. म्हणून नियम असा, की दिसला पंप की टाकी भरायची; पुढचा पंप चालू असेलच असे धरून चालायचे नाही. वाळूत किंवा खोल चाकोरीत इंजिन जास्त तेल पिते, तेही हिशेबात घ्यावे लागते.

स्टेपनी एक नव्हे, दोन नेतात. वाळू लागली की चाकातली हवा कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. कठीण रस्ता आला की पंपाने पुन्हा भरतात. हे मी मोठ्या उत्साहाने आबांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "मग? नदीतनं वाळूची गाडी कशी भाईर काढत होतो आम्ही?"

काही ठिकाणी माती पिठासारखी बारीक होते. तिला तिकडे 'बुलडस्ट' म्हणतात. वरून रस्ता सपाट दिसतो आणि खाली चाक बसेल एवढा खड्डा असतो. पाऊस पडला तर याच वाटांचा चिखल होतो आणि त्या बंद केल्या जातात. बंद वाटेवर गाडी घातली तर दंड होतो, कारण एका गाडीने पाडलेली चाकोरी वाळल्यावर पुढच्या सगळ्यांना भोवते.

आबांना सर्वांत आवडली ती 'रोड ट्रेन'. एका इंजिनामागे तीन-चार मोठे ट्रेलर जोडलेला हा ट्रक ५३ मीटरपर्यंत लांब असू शकतो. तो जाताना एवढी धूळ उडते की मागच्याला काही क्षण काही दिसत नाही. तेव्हा आपण कडेला घेऊन थांबावे हे शहाणपण. दुसरे शहाणपण म्हणजे दिवस मावळल्यावर गाडी चालवू नये. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू चरायला निघतात आणि दिव्याच्या झोतात रस्त्यावर उभे राहतात. पुष्कळ कुरणांना रस्त्याच्या कडेने कुंपण नसल्यामुळे गुरेही येतात. म्हणून तिकडच्या गाड्यांना पुढे लोखंडी दांड्यांची चौकट बसवलेली दिसते. आणखी एक रीत मला फार आवडली. समोरून गाडी आली की चालक स्टिअरिंगवरचे एक बोट वर करतो. ओळख असो वा नसो. आबाही घाटात समोरच्या ट्रकला असाच हात करतात.

तिसरा प्रश्न : गाडी बंद पडली तर?

या प्रश्नाचे उत्तर माणसांनी जीव देऊन मिळवलेले आहे. १९६३ च्या डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, पाच माणसांचे एक कुटुंब बर्ड्‌सव्हिलच्या वाटेने निघाले. वाट चुकली, पेट्रोल संपले, पाणीही संपत आले. ती माणसे गाडी सोडून पाण्याच्या शोधात चालू लागली. शोध घेणाऱ्यांना गाडी सापडली. माणसे सापडली तेव्हा पाचही जण मरण पावलेले होते.

तेव्हापासून प्रत्येक प्रवाशाला एकच गोष्ट बजावली जाते : गाडी सोडू नका. विमानातून चालणारा माणूस दिसत नाही, गाडी दिसते. गाडीला सावली असते. रणरणत्या उन्हात चालणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी घामाने जाऊ शकते. सावलीत स्वस्थ बसलेला त्याच पाण्यावर कितीतरी जास्त टिकतो. शिवाय निघण्यापूर्वी कुठल्या वाटेने जाणार आणि कधी पोहोचणार हे कुणाला तरी सांगून ठेवायचे, म्हणजे न पोहोचल्यास शोध सुरू होतो. या भागात बहुतेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, म्हणून उपग्रहाचा फोन किंवा संकटात उपग्रहामार्फत खूण पाठवणारे लहान यंत्र बरोबर ठेवतात.

आजाऱ्यासाठी मात्र तिकडे एक विलक्षण सोय आहे. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नांतून १९२८ मध्ये क्लॉनकरी या गावातून विमानाने डॉक्टर पाठवण्याची सेवा सुरू झाली. पण बोलावणार कसे? दुर्गम कुरणांवर वीज नव्हती. आल्फ्रेड ट्रेगर याने सायकलसारखे पायडल मारून चालणारा बिनतारी संच बनवला आणि १९२९ पासून तो वापरात आला. पुढे बिनतारी संचांच्या जाळ्यावरूनच १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे मुलांची 'हवेतली शाळा' भरू लागली. शेकडो किलोमीटर दूरची मुले एका वर्गात! आमच्या वस्तीवरून शाळेला तीन किलोमीटर चालत जाताना मी स्वतःला फार दूरचा समजत असे.

चौथा प्रश्न : रात्रीचा मुक्काम

मुक्कामासाठी तिकडे 'स्वॅग' वापरतात. जाड कॅनव्हासच्या गुंडाळीत पातळ गादी आणि पांघरूण. उलगडले की अंथरूण तयार. जाळ करून त्यावर 'बिली' नावाच्या कडीच्या डब्यात चहा उकळतात. हा प्रवास एप्रिल-मे ते सप्टेंबर या काळात करतात. तिकडे तेव्हा थंडीचे दिवस असतात. दिवसा हवा सुखद, पण जुलैतल्या रात्री अ‍ॅलिस स्प्रिंग्जला पारा शून्याखालीही जातो.

जागा निवडण्याचे नियम आहेत. कोरड्या नदीच्या पात्रात, वाळू कितीही मऊ असली तरी, झोपायचे नाही. पाऊस दूर कुठेतरी पडतो आणि इथे आकाश निरभ्र असतानाही पाण्याचा लोंढा येऊ शकतो. गुरांच्या पाणवठ्याला खेटूनही मुक्काम करायचा नाही. माणूस पाहून बुजलेली गुरे पाण्यावर येत नाहीत आणि तहानलेलीच राहतात.

रात्र झाली की आकाश उघडते. तिथला त्रिशंकू, ज्याला ते 'सदर्न क्रॉस' म्हणतात, माथ्याकडे उंच असतो. उन्हाळ्यात आपल्याकडेही तो दक्षिणेला क्षितिजाजवळ दिसतो. चैत्र-वैशाखात ट्रकच्या टपावर ताडपत्री टाकून झोपताना आबांनी तो कैक वेळा पाहिला आहे, त्यांना फक्त नाव माहीत नव्हते. त्याच्या लगत आकाशगंगेत एक काळा डाग आहे. तिथले मूळ रहिवासी ताऱ्यांच्या मधल्या काळोखातही आकृती पाहतात. तो डाग म्हणजे एमू पक्ष्याचे डोके आणि पुढे त्याची मान व धड. आपण उजेडाची नक्षत्रे मोजतो. त्यांनी अंधाराचेही केले.

शेवटचा प्रश्न : जमीन कुणाची?

चित्रात जे ओसाड दिसते ते ओसाड नाही. या खंडावर पन्नास हजारांहून अधिक वर्षे माणसे राहत आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज आले आणि त्यांनी ही जमीन कुणाचीच नाही असे धरून वसाहत केली. मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या हक्काचा कायदा नॉर्दर्न टेरिटरीसाठी १९७६ मध्ये झाला. मध्यभागी उभा असलेला ३४८ मीटर उंचीचा उलुरू हा प्रचंड खडक, ज्याला इंग्रजांनी एअर्स रॉक म्हटले, १९८५ मध्ये अनंगू लोकांना परत देण्यात आला. त्यावर चढू नका, ही त्यांची विनंती कित्येक वर्षे होती. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढणे बंद झाले. आजही काही वाटांनी जायचे तर त्या जमिनीच्या मालकांचा परवाना आधी घ्यावा लागतो.

न विचारता गेलेल्यांची कथाही इथलीच आहे. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांची मोठी मोहीम मेलबर्नहून खंड ओलांडायला निघाली. तिच्यासाठी २४ उंट कराचीहून आणले होते आणि उंटांबरोबर त्यांना हाकणारी माणसेही. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती! पुढची साठ-सत्तर वर्षे अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब या भागांतून आलेल्या उंटवाल्यांनी आउटबॅकचा माल वाहिला. मारी या गावात त्यांनी मशीद बांधली आणि तिकडच्या प्रसिद्ध 'घान' रेल्वेचे नावही या 'अफगाणां'वरून पडले. म्हणजे त्या मुलखाचे पहिले ट्रकवाले आपल्याच बाजूचे होते.

बर्क, विल्स आणि किंग उत्तर टोकाजवळ पोहोचून परतले ते २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी. कूपर खाडीच्या तळावर त्यांची चार महिने वाट पाहणारी तुकडी त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. तिथे राहणारे यांद्रुवांधा लोक त्यांना मासे आणि 'नार्दू' नावाच्या नेच्याच्या बियांसारख्या गोट्यांची भाकरी देत. पण एकदा मासे घेऊन आलेल्यांना बर्कने बंदूक झाडून पळवून लावले. मग या तिघांनी नार्दू स्वतःच दळून खाल्ला. तो योग्य रीतीने तयार न केल्यास त्यातले द्रव्य शरीरातले बी-१ जीवनसत्त्व नष्ट करते. पोट भरत होते आणि अंगातली शक्ती जात होती, असे आता संशोधक मानतात. बर्क आणि विल्स मेले. किंग यांद्रुवांधांकडे गेला, त्यांच्यात राहिला आणि सप्टेंबरात शोधपथकाला जिवंत सापडला. दोघे मेले तो मुलूख तोच, आणि एक जगला तोही तोच.

ही गोष्ट मी आबांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नवीन लायनीला गेलं की आधी ढाब्यावर विचारायचं. विचारायला पैसं पडत न्हाईत."

प्रवेशअर्जात वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी पहिल्या वर्षी 'वाहतूक व्यवसाय' असे लिहिले होते. 'ट्रकचालक' लिहायला हात धजला नव्हता. पुढे वर्षभर पुस्तके चाळून मी जी उत्तरे गोळा केली त्यांचे प्रश्न मात्र त्यांचे होते. आणि निम्मी उत्तरेही त्यांना आधीच ठाऊक होती. ते माझ्या घरात रोज जेवायला बसत होते आणि मी कधी विचारले नव्हते.

या वर्षीचा अर्ज भरताना मी तो रकाना नीट भरला आहे.